अभ्यासक्रमाचा अधिकार : जपानचे उदाहरण

शालेय अभ्यासक्रमाचे परिवर्तन केवळ विषयांच्या यादीवरून उमगत नाही. काय शिकवावे हे कोण ठरवितो, हेही पाहावे लागते. या दृष्टीने जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. १८९० च्या शाही आज्ञापत्राने सम्राटनिष्ठा हे तेथील शिक्षणाचे अधिष्ठान ठरविले आणि नीतिशिक्षणास अग्रस्थान मिळाले. १९४५ च्या पराभवानंतर त्याच शाळांतील मुलांनी, शिक्षकांच्या सांगण्यावरून, आपल्या पुस्तकांतील युद्धगौरवाच्या ओळींवर काळी शाई फासली. १९४७ चा नवा आराखडा स्वतःस ‘प्रायोगिक मसुदा’ म्हणवीत होता. त्यात नीतिशिक्षणाचा स्वतंत्र विषय नव्हता. ‘समाज-अभ्यास’ हा विषय नव्याने आला आणि तपशील ठरविण्याची मोकळीक शिक्षकास लाभली. १९५८ साली ‘मसुदा’ हा शब्द गळाला, आराखडा बंधनकारक झाला आणि नीतिशिक्षणाचा साप्ताहिक तास परतला. २००६ च्या सुधारित शिक्षणविषयक मूलभूत कायद्यात परंपरा व देशप्रेम यांचा उल्लेख आला. २०१८ पासून प्राथमिक शाळांत नीतिशिक्षण शासनमान्य पाठ्यपुस्तक असलेला ‘विशेष विषय’ झाले. सम्राटपूजा परतली नाही, हे खरे. परंतु शिक्षकाच्या हाती एकदा आलेले स्वातंत्र्य मात्र आक्रसले. पुसलेल्या ओळींइतकाच तो एक गळालेला शब्दही अभ्यसनीय ठरतो.