ठिपके मोजणारी माणसं

अमेरिकेतल्या ‘केस’ कंपनीचा जुना घडीचा चाकू हाती आला की जाणता संग्राहक आधी धार बघत नाही. पातं उघडतो, ते मुठीत शिरतं तिथला बारीक शिक्का उजेडात धरतो आणि ठिपके मोजतो. १९७० साली कंपनीने शिक्क्यात दहा ठिपके ठोकले आणि मग दरवर्षी एकेक कमी केला. एकच उरला असेल तर चाकू १९७९चा. ठिपके नाहीत पण ‘यू.एस.ए.’ आहे, तर १९६५ ते ६९मधला. तेही नसेल, नुसतं ‘केस डबल एक्स’ असेल, तर त्याहून जुना. डबल एक्सची कथा कंपनीच सांगते : पाती भट्टीत कडक करायला जाताना तबकावर एक फुली मारायची, काम नीट झालं की दुसरी.

मग आकड्यांची पाळी. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ (६), दोन पाती (२) आणि ५४ नंबरचा घाट, ज्याला ‘ट्रॅपर’ म्हणतात. पहिला आकडा ५ असेल तर मूठ शिंगाची. एवढ्याशा अक्षरांवर अमेरिकेत माणसं तासभर सहज बोलतात. केसच्या संग्राहकांचा स्वतंत्र क्लब १९८१पासून आहे. पाकिटं फोडायला आणि सफरचंद सोलायला कुणी इतका अभ्यास करत नाही. चाकूची गरज केव्हाच आटली. तो टिकला तो त्याच्याविषयी बोलायला दुसरं माणूस मिळतं म्हणून, असं माझं मत आहे.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटला की हिंदी सिनेमातला रामपुरी डोळ्यांसमोर येतो, खटका दाबून खाडकन उघडणारा. हे प्रकरण वेगळं. पात्यावर नखाएवढी खाच असते, तिच्यात नख घालून ते दोन्ही हातांनी उघडायचं. उघडल्यावर अडकवणारी कळ नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या मुळावर सतत दाब देते. मुळाचे कोपरे असे घासलेले असतात की पातं पूर्ण उघडलं किंवा मिटलं की पट्टी तिथे बसते. अधल्यामधल्या जागी ते रेंगाळू शकत नाही. काही चाकूंत अर्ध्या वाटेवर आणखी एक थांबा असतो. बाकी पितळी पत्रे, टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या (ज्यात चांदी औषधालाही नसते) आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या दोन-चार खिळ्या. पट्टी फार ताठ झाली तर नख तुटतं, सैल झाली तर पातं लोंबतं. मिटलेल्या आणि उघड्या दोन्ही स्थितींत तिची पाठ मुठीशी समतल बसायला हवी. संग्राहक त्यावर बोट फिरवून कारागिराला गुण देतात, मग कानाशी धरून मिटतात. टक् असा कोरडा आवाज आला तर चेहरा खुलतो.

यातले बरेच घाट इंग्लंडमधल्या शेफील्डचे. तिथे चाकू करणाऱ्यांची पंचायत १६२४पासून कायद्याने उभी आहे, आणि एकेका खोलीत स्वतःपुरतं काम करणारे ‘लिटल मेस्टर’ हे त्या गावाचं खास वैशिष्ट्य. त्यांच्यातले शेवटचे समजले जाणारे स्टॅन शॉ १९४१च्या सुमारास कामाला लागले आणि २०२१मध्ये वारले. तोवर अमेरिकेने कधीच आपली वाट धरली होती. १८९०च्या मॅकिन्ली जकातीने शेफील्डचा माल तिथे महाग झाला, आणि न्यूयॉर्क-पेन्सिल्वेनियाच्या डोंगराळ भागात चाकूंचे कारखाने फोफावले. केस बंधूंनी धंदा मांडला तो १८८९चा, म्हणजे ऐन मोक्यावर.

घाट कामातून आले. ‘स्टॉकमन’ला तीन पाती, त्यांतलं बोथट गोल टोकाचं पातं गुरं खच्ची करण्यासाठी. कामावर कातडं चुकून भोसकलं जाऊ नये म्हणून टोक गोल. आज तो चाकू बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी बैल जवळून पाहिलाय कोण जाणे. ‘बार्लो’ सगळ्यांत साधा, लांब टोपीचा, पोराटोरांचा. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला बक्षीस मिळतो तो साडेबारा सेंटांचा बार्लोच. त्याने काही कापलं जात नाही, तरी पोरगं हरखून जातं. या छंदाचं इतकं नेमकं वर्णन संग्राहकांनाही जमलेलं नाही.

मुठींकडे बघताना आपला माणूस जरा थबकेल. शेफील्डच्या कारागिरांना हरणाचं शिंग हवं असे ते भारतातल्या सांबराचं : जाड, आतून भरीव, वरून खडबडीत, ओल्या हातातूनही न निसटणारं. सांबर ते दरवर्षी झाडतं, त्यामुळे जंगलातून गोळा करता येई. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली आणि जुन्या शिंगाच्या मुठीचे भाव चढले. मग हाडावर भर आला. केसचं हाड ब्राझीलमधल्या वशिंडाच्या गुरांच्या नडगीचं, आणि ती गुरं मूळची इथूनच नेलेल्या नेल्लोर-गीर वगैरे वंशांची. शिंग थांबलं, तरी आपलं नातं काही सुटलं नाही.

पण मला यातला आवडता भाग चाकू बाळगण्याचा आहे. साध्या कार्बन पोलादाचं पातं कोरं असताना आरशासारखं असतं. लिंबू, सफरचंद, मांस कापत गेलं की त्यावर राखाडी-निळसर छटा चढतात, आजीच्या विळीवर कैरीने चढायच्या तशाच. ती झाक गंजाला थोडी अडवते. लाल डाग दिसला तर मात्र तेलाचा बोळा फिरवायचा. अशा काळवंडलेल्या पात्याची छायाचित्रं मंडळी एकमेकांना अभिमानाने दाखवतात. शिष्टाचारही ठरलेले आहेत. मिटलेला चाकू मागून घेतला तर मिटूनच परत द्यायचा. भेट दिला तर घेणाऱ्याने एखादं नाणं द्यायचं, नाहीतर चाकू मैत्री कापतो म्हणे.

याच मंडळींत दुसरी जातही आहे, चाकू न वापरता ठेवणारी. २००६मध्ये टायटसव्हिलला, जिथे १८५९मध्ये अमेरिकेतली पहिली यशस्वी तेलविहीर खणली गेली त्या गावात, ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली. ती थोडे थोडे चाकू जुन्या पद्धतीने करते. घोषणा होते न होते तोच ते संपतात आणि दुप्पट भावाने परत विकायला येतात, डबीतून न काढलेले. जपून ठेवण्याला माझी हरकत नाही, १९४०चा चाकू कुणीतरी जपला म्हणूनच आज दिसतो. पण कालच केलेल्या चाकूला फळाचा रसही लागू न देणं मला कंजूषपणा वाटतो.

बाळगणंही आता सोपं राहिलेलं नाही. सप्टेंबर २००१पूर्वी अमेरिकेत चार इंचांपर्यंतचं पातं विमानात चालत असे. त्यानंतर चाकू चेक-इनच्या सामानातच टाकावा लागतो. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सवलत दिली, आणि पुढे न्यायालयांनी ठरवलं की उघडल्यावर कळ बसणारा चाकू त्यात येत नाही. कळ नसणं हे इतकी वर्षं जुनाटपणाचं लक्षण मानलं गेलं होतं. आता अमेरिकी ‘स्पायडर्को’ने खास त्या बाजारासाठी बिनकळीचा चाकू काढला आहे, आणि त्याचं नावच ‘यू.के. पेननाइफ’ आहे.