काचेच्या पेटीतील पाणी
लेखांक 4 : ढोबळ आकार आणि निव्वळ बाकी

गेल्या लेखांकात पेटी कोठे मांडावी याचा विचार झाला. आता तिच्यात पाणी नेमके किती, हा वरवर पोरकट वाटणारा परंतु माशांच्या जिवाशी गाठ असलेला प्रश्न घेऊ. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून विक्रेता जो आकडा सांगतो, तो, आमच्या संतपुराकडे निजामी अमदानीपासून रुळलेल्या दप्तरी बोलीत सांगायचे तर, केवळ ढोबळ आकार होय. वजावट जाऊन जी निव्वळ बाकी उरते तिच्यात मासा जगतो, आणि औषधाची मात्रा मुक्रर करायची ती त्या बाकीवरच.

60 सेंटीमीटर लांब, 30 रुंद व 36 उंच अशी पेटी घ्या. बाहेरून तिचा आकार 64.8 लिटर. परंतु काच 5 मिलिमीटर जाड असल्यास आतली लांबी 59 व रुंदी 29 भरते, तळाची काच अर्धा सेंटीमीटर खाते, आणि काठोकाठ तर कोणी भरीत नाही. वर 4 सेंटीमीटर मोकळे सोडले की पाण्याची उंची 31.5 आणि बाकी 53.9 लिटर. दगड-रेतीला हात लावण्यापूर्वीच जवळजवळ 11 लिटर गळाले!

तळाशी 5 सेंटीमीटर रेव पसरली, तर थराचे घनफळ साडेआठ लिटर. पण ते सगळे वजा करणे हा रेवेवर अन्याय होईल, कारण खड्यांच्या फटींत पाणी असतेच. लिटरभर मापाचे भांडे कोरड्या रेवेने काठोकाठ भरावे व वरून पाणी ओतावे. ते साधारण 400 मिलिलिटर सामावून घेते. म्हणजे वजावट 60 टक्क्यांची, 5.1 लिटर.

दगडांचे प्रकरण अधिक रसाळ आहे. बीदरच्या पठारावरचा जांभा सच्छिद्र. त्याला आर्किमिडीजची सांडलेले पाणी मोजण्याची रीत लावली तर छिद्रांतली हवाही दगड म्हणून धरली जाते. त्यापेक्षा कोरडे दगड रिकाम्या बादलीत ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश, 10 लिटरांच्या खुणेपर्यंत मापाने पाणी भरावे. 7.5 लिटर लागले, तर वजावट अडीच लिटर. शेवटची बाकी 46.3 लिटर! विक्रेत्याच्या आकड्यावर औषध घातले, तर ते चाळीस टक्के अधिक पडेल. तांब्याच्या औषधांत, जेथे गुणकारी व घातक मात्रांमधील अंतर अगदी थोडे असते, तेथे याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पेटी नवीनच मांडत असाल, तर हा सारा खटाटोप टाळून मापाने मोजीतच पाणी भरावे. फक्त तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पंधरा लिटरांचा समजू नये. तेल पाण्याहून हलके, म्हणून त्या डब्यात पाणी सोळा लिटरांहून अधिक मावते.

भरलेल्या पातळीवर काचेला खूण करून बाकीचा आकडा मागच्या बाजूस लिहून ठेवावा. वैशाखात पातळी 2 सेंटीमीटर उतरली, की सुमारे 3.4 लिटर पाणी उडाले असे धरावे आणि तेवढे गोडे पाणी घालावे. मीठ मात्र पुन्हा घालू नये, कारण वाफ होऊन जाते ते पाणीच, मीठ पेटीतच राहते.

पुढील आठवड्यात गाळणी.