लेसरने दुरुस्त केलेले पाते

विमानाच्या एंजिनात हवा दाबणारी काही चक्रे अशी असतात, की तबकडी आणि पाती टिटॅनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली. धुळीने एका पात्याचे टोक झिजले तर? सबंध चक्र टाकून देणे परवडत नाही. म्हणून झिजल्या जागी लेसरच्या झोताने धातूची भुकटी वितळवून थरावर थर चढवितात. भुकटी त्याच मिश्रधातूची: टिटॅनियम, त्यात शेकडा ६ अ‍ॅल्युमिनियम व ४ व्हॅनेडियम.

आपण म्हणाल, धातू तोच, मग काळजी कसली? काळजी आहे ती निवण्याच्या वेगाची. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तसेच येथे पाण्यावाचून घडते. वितळलेला थेंब १,६५० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला; खालचा थंड धातू त्याची उष्णता क्षणात ओढून घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ घडीव भागात आटोपशीर, गोलसर कण दिसतात. नव्या भागात थर भेदून वर चढलेले लांबट कण, आणि त्यांच्या पोटात बारीक सुयांचे जाळे. हेच मार्टेन्साइट.

ताणून पाहिले तर हा भाग बहुधा मूळ धातूहून बळकटच ठरतो. मात्र तुटण्यापूर्वी लांबतो कमी. शिवाय पाते एकदाच थोडे ताणले जाते? ते सारखे थरथरत असते. आत टाचणीच्या टोकाहून लहान पोकळी राहिली, तरी भेग तेथून निघू शकते. म्हणून चक्र भट्टीत तापवून आतला ताण उतरवितात, तेही हवा लागू न देता. कारण तापलेले टिटॅनियम प्राणवायू शोषून ठिसूळ होते. मग क्ष-किरणांनी पोकळ्या शोधतात. नुसत्या ताणून घेतलेल्या परीक्षेवर पाते पुन्हा एंजिनात बसवावे, असे मला तरी वाटत नाही.