हिवाळी शिबिरवास

थंड ऋतूत किंवा थंड प्रदेशात तंबू, गुहा अथवा अन्य तात्पुरत्या निवाऱ्यात रात्र काढण्याचा छंद. तो स्वतंत्रपणे जोपासला जातो, तसेच दुर्गभ्रमण, गिर्यारोहण, पक्षिनिरीक्षण व आकाशनिरीक्षण यांचे अंग म्हणूनही आढळतो. उबदार वस्त्रे व उत्तम तंबू यांवर या छंदाची सुरक्षितता अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती ओल, वारा आणि जमीन या तिहींपासून शरीराचा बचाव करण्यावर अवलंबून असते. तापमापकावरील अंकास त्यानंतरचे स्थान आहे. त्यामुळेच गोठणबिंदूच्या बऱ्याच वर तापमान असतानाही माणूस थंडीने दगावू शकतो.

इतिहास : छंद म्हणून शिबिरवासाचा संघटित प्रसार विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये झाला. टॉमस हायरम होल्डिंग यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये सायकलवरून शिबिरवास करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले व त्यातून बालवीर चळवळ उदयास आली. अतिथंड प्रदेशांतील साहित्याचा विकास मुख्यतः ध्रुवीय व हिमालयीन मोहिमांतून झाला. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी पक्ष्यांच्या मऊ पिसांनी भरलेला कोट वापरला आणि पुढे अशी वस्त्रे सर्वत्र रूढ झाली.

महाराष्ट्रात या छंदाचे मूळ दुर्गभ्रमणात आहे. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या भ्रमंतीने व लेखनाने अनेकांना किल्ल्यांची ओढ लावली. शनिवारी सायंकाळी पुण्याहून निघून राजगड, तोरणा अथवा हरिश्चंद्रगड येथे मुक्काम करावयाचा व रविवारी परतावयाचे, असा प्रघात पडला. राजगडावरील पद्मावतीचे मंदिर, तोरण्यावरील मेंगाईचे मंदिर आणि हरिश्चंद्रगडावरील लेणी ही अशा मुक्कामाची परंपरागत ठिकाणे होत. हलके तंबू सहज मिळू लागल्यानंतर धरणांचे काठ व पठारे येथेही मुक्काम होऊ लागले.

सह्याद्रीतील थंडीचे स्वरूप : पुणे शहर समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर आहे. तेथील आजवरचे नीचतम तापमान १·७° से. असून ते १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. उंची दर १,००० मी. वाढली असता तापमान सरासरी ६·५° से. ने घटते. या हिशेबाने सु. १,३०० मी. उंचीचा सिंहगड पुण्यापेक्षा सु. ५° से. ने थंड असावयास हवा. तथापि हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री हा नियम उलटा होऊ शकतो. जमिनीतील उष्णता प्रारणाने आकाशाकडे निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. अशा वेळी माथ्यापेक्षा तळ अधिक थंड असतो. महाबळेश्वर येथील वेण्णा तलावाच्या सखल परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, त्यामागेही हेच कारण आहे. यावरून तळाची थंडी ही स्थिर हवेची व दवाची, तर माथ्याची थंडी ही वाऱ्याची, असा स्थूल भेद करता येतो.

वाऱ्याचा परिणाम मोठा असतो. हवेचे तापमान ५° से. असून वारा ताशी ३० किमी. वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ते सु. ०° से. इतके जाणवते. त्याच वेगाच्या वाऱ्यात –१०° से. तापमान सु. –२०° से. इतके भासते.

शरीरातील उष्णतेचा ऱ्हास : शरीर वहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन या चार मार्गांनी उष्णता गमावते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सु. २५ पट असल्याने ओला कपडा संरक्षक न राहता उष्णता काढून घेणारा ठरतो. गुंजवणे गावातून राजगड चढून जाणाऱ्याचा सदरा डिसेंबरातही घामाने भिजतो. माथ्यावर पोहोचून तो तसाच वाऱ्यात बसला, तर काही मिनिटांतच हुडहुडी भरते. म्हणून चढताना कपडे कमी ठेवणे व पोहोचताच कोरडा सदरा घालणे हा पहिला नियम होय. आकाशनिरीक्षकांची अडचण याहून निराळी असते. ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) या संस्थेमुळे पुण्यात आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहणारा निरीक्षक तासन्‌तास निश्चल बसतो. त्याच्या स्नायूंत उष्णता फारशी निर्माण होत नाही, त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा त्याला अधिक वस्त्रे लागतात.

साहित्य : वस्त्रे तीन थरांत घालतात. अंगालगतचा थर घाम टिपून बाहेर सोडणारा, मधला उष्णता राखणारा व बाहेरचा वारा-पाऊस अडविणारा असतो. सुती कापड पाणी धरून ठेवते व सावकाश वाळते, म्हणून ते थंडीत अयोग्य ठरते. लोकर दमट झाली तरी पुष्कळशी ऊब टिकवते. धनगरांची घोंगडी सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, ती याच गुणामुळे.

झोपण्यासाठी स्लीपिंग बॅग वापरतात. पिसांची बॅग हलकी व अतिशय उबदार असते. मात्र भिजल्यास पिसे एकमेकांना चिकटून तिची उपयुक्तता जवळजवळ नाहीशी होते. कृत्रिम तंतूंची बॅग अधिक वजनदार, पण ओलीस अधिक टिकणारी असते. बॅगेवर आरामदायी, किमान व टोकाचे अशी तीन तापमाने छापलेली आढळतात. त्यांपैकी टोकाचे तापमान केवळ जीव वाचण्याची मर्यादा दर्शविते. खरेदी करताना आरामदायी तापमानच विचारात घ्यावे. अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग हवा धरू शकत नाही, म्हणून खाली फोमची वा हवेची मॅट अनिवार्य असते. लेण्यांतील व मंदिरांतील दगडी फरशीवर तर बॅगेपेक्षा मॅटचेच महत्त्व अधिक. मावळातील भाताचा पेंढा जाड पसरला, तरी तो हेच कार्य करतो.

तंबू दुहेरी कापडाचा असावा व त्याची झरोक्याची जागा कडाक्याच्या थंडीतही पूर्ण बंद करू नये. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प आतल्या कापडावर साचून अंथरूण ओले होते. तंबूसाठी दरीचा तळ व उघडा कडा ही दोन्ही ठिकाणे टाळून उताराच्या मध्यावरील, वाऱ्याच्या आडोशाची सपाट जागा निवडतात.

अन्न व इंधन : थंडीत शरीरास अधिक उष्मांक लागतात. गूळ, शेंगदाणे, तूप व गरम खिचडी हे पदार्थ सोयीचे ठरतात. निजण्यापूर्वी थोडे खाल्ल्याने रात्री ऊब टिकते. तहान कमी लागत असली, तरी पाणी नियमित प्यावे. स्टोव्हच्या इंधनालाही थंडीची मर्यादा असते. ब्यूटेन वायू –०·५° से. खाली द्रवरूपच राहतो, त्यामुळे हिमप्रदेशात प्रोपेन (उत्कलनबिंदू –४२° से.) मिसळलेली टाकी अथवा दाबाचा रॉकेल स्टोव्ह नेतात. हा स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी तयार केला. सु. ३,००० मी. उंचीवर पाणी सु. ९०° से. लाच उकळत असल्याने तेथे डाळ-तांदूळ शिजण्यास प्रेशर कुकर लागतो.

धोके व प्रथमोपचार : शरीराचे आंतरिक तापमान ३५° से. खाली जाणे यास हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम कापरे भरते, बोटे काम करीनाशी होतात व बोलणे अडखळते. सु. ३२° से. खाली कापरे थांबते व माणूस गोंधळतो. कापरे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, हा गैरसमज प्राणघातक ठरू शकतो. रुग्णास आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, जमिनीपासून अलग ठेवून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे व तो पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य मुळीच देऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णतेचा ऱ्हास वाढतो. हिमदंश झालेल्या भागास बर्फ चोळण्याची जुनी पद्धत घातक आहे.

दुसरा मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद तंबूत वा खोलीत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपल्यास हा गंधहीन वायू साचतो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच वाटतात आणि झोपेतच मृत्यू ओढवतो. निवाऱ्यात ऊब आणण्यासाठी कोणताही जाळ करू नये, या नियमास अपवाद नाही. बाहेरील शेकोटीही जपून करावी लागते, कारण हिवाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीतील गवत वाळलेले असते व वणवा चटकन पसरतो. संरक्षित किल्ले व अभयारण्ये, उदा., कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य (स्थापना १९८६), येथे मुक्काम व जाळ यांविषयीचे नियम आधी पाहून घ्यावे लागतात.

हिमालय व प्रशिक्षण : सह्याद्रीतील चूक बहुधा एका कष्टप्रद रात्रीवर निभावते, हिमालयात तीच चूक जिवावर बेतते. सु. ३,००० मी. वर उंचीचे विकारही संभवतात, म्हणून तेथे झोपण्याची उंची रोज ५०० मी. पेक्षा अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. दार्जिलिंग (१९५४) व उत्तरकाशी (१९६५) येथील गिर्यारोहण संस्थांत हिमप्रदेशातील वास्तव्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. पुण्यातील गिरिप्रेमी या संस्थेच्या (स्थापना १९८२) आठ गिर्यारोहकांनी १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्ट सर केले आणि १५ मे २०१९ रोजी तिच्या दहा जणांनी कांचनजंगाचे शिखर गाठले. उमेश झिरपे हे या मोहिमांचे नेते होते. अशा मोहिमांत शिखरावरील काही मिनिटांसाठी कित्येक आठवडे बर्फावरील तंबूत राहावे लागते. कोरडे राहणे, वारा अडविणे व जमिनीपासून अलग निजणे यांची सवय त्यासाठी आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते, आणि पुणेकरांना ती लावून घेण्यास सह्याद्रीतील जानेवारीच्या रात्री पुरेशा आहेत.