चुलीतला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’

१९९४ च्या पावसाळ्यात दादरच्या एका लहानशा स्टुडिओत मी पहिल्यांदा माईकसमोर बसले, तेव्हा रेकॉर्डिस्टकाकांनी मला संहिता वाचायला सांगितलीच नाही. काचेपलीकडून टॉकबॅकवर आवाज आला, ‘‘आधी चूल म्हण. आता चंद्र म्हण. आता दोन्ही, न थांबता.’’ मी म्हटलं. काका उठून बूथमध्ये आले. माईक त्यांनी दोन बोटं डावीकडे सरकवला, जरासा कलता केला, आणि जाळीच्या बरोबर मध्यावर एक पेन्सिल रबरबँडनं उभी बांधली. ‘‘आता भाऊ, फणस, खोबरं.’’ पेन्सिल पुन्हा केसभर हलली. मग कुठे मसाल्याच्या त्या वीस सेकंदांच्या जाहिरातीचा पहिला टेक पाव इंची टेपवर गेला.

समोर होता नॉयमनचा यू ८७. सगळे त्याला नुसतं ‘एटी सेव्हन’ म्हणत. बर्लिनच्या या कंपनीनं तो १९६७ साली काढला, १९८६ मध्ये त्यातलं सर्किट सुधारलं, आणि आजही चांगल्या डबिंग स्टुडिओत गेलं की बहुतेक वेळा तोच दिसतो. तेव्हा मला याची काहीच कल्पना नव्हती. माईक स्टुडिओचा, आवाज आपला, अशी सरळ वाटणी होती आणि माईक निवडणं हे आम्हा कलाकारांचं कामच नव्हतं. तीस वर्षांत ते काम हळूहळू आमच्या गळ्यात आलं. त्या वाटेवर मी चार माईक विकत घेतले, दोन विकले, कितीतरी उसने आणले. दरवेळी चाचणीला शब्द मात्र काकांचेच वापरले.

का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मराठीत लिहायला एकच ‘च’ आहे, उच्चारायला दोन. चंद्रातला ‘च’ टाळूवर होतो. चुलीतला ‘च’ दातांजवळ होतो, आणि त्याच्या पोटात ‘स’ची धार असते. ‘ज’चंही तसंच. हे जग आणि सुखानं जग, अक्षरं तीच, पण दुसऱ्या ‘जग’मध्ये दातांमधून हवा घासून जाते. झाड, झोप, जाड, चाक, चारा ही सगळी याच घरातली. आवाजाच्या वरच्या पट्टीत, पाच हजार हर्ट्‌झच्या वर, या अक्षरांची किनार असते, आणि जो माईक ती पट्टी उचलून धरतो तो प्रत्येक ‘चूल’ला शिट्टी जोडतो. उलट मंद माईकवर ‘ळ’ आणि ‘ल’ जवळ सरकतात, बाळ आणि बाल यांच्यात ऐकणाऱ्याला क्षणभर अडखळायला होतं.

दुसरी गोष्ट झोताची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’ला फुंकर असते, म्हणून तिकडच्या माईकच्या चाचण्या त्याच अक्षरावर होतात. आपल्या ‘प’ला फुंकर जवळजवळ नाहीच. पण ख, थ, ध, फ, भ ही आपली अक्षरं शब्दात कुठेही, मधोमधसुद्धा, हवेचा गोळा सोडतात. काकांची पेन्सिल त्या गोळ्याला पडद्यावर आदळण्याआधीच दोन्ही बाजूंना फाकवत होती. परदेशी परीक्षणं वाचून माईक मागवणाऱ्या कुणालाही मी आजही हेच सांगते: ती माणसं प्रामाणिक असतील, पण त्यांनी ‘भाऊंनी फणस फोडला’ म्हणून पाहिलेलं नसतं.

जुन्या माणसांकडून ऐकलेलं थोडं इथेच सांगते. मुंबईतून नियमित नभोवाणी सुरू झाली २३ जुलै १९२७ ला. त्या दशकात जगभरच्या बऱ्याच केंद्रांत कार्बनच्या भुकटीचे माईक होते आणि त्यांची स्वतःचीच खरखर एवढी, की निवेदकाला खणखणीत बोलण्यावाचून गत्यंतर नसे. १९३० नंतर आरसीएचे रिबन माईक आले. चुंबकाच्या दोन टोकांत टांगलेली ॲल्युमिनियमची तलम पट्टी, आणि जवळ गेलं की आवाजात भरणारा खर्ज. मृदू, छातीतून येणारं रेडिओ-निवेदन जगभर रुजलं त्यात या पट्टीचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. माईक बदलले तशी बोलण्याची रीतही बदलत गेली.

नव्वदच्या दशकाअखेरीस टेप गेली, संगणक आले. २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या आणि तिथे मला पहिल्यांदा दुसऱ्या जातीचा माईक भेटला, डायनॅमिक. पातळ पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते आणि वीज निर्माण होते; बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० हा याच जातीचा. १९६८ पासूनचा हा माईक रेडिओवाल्यांचा लाडका, कारण बोलणारा जवळ-दूर झाला तरी त्याचा खर्ज फारसा हलत नाही. शुअरचा एसएम ७ हा १९७३ चा, आजचा एसएम ७बी २००१ चा. या माईकना खोलीचं फारसं ऐकू येत नाही. त्यांना तोंड जवळ लागतं. स्टुडिओत मी एटी सेव्हनपासून एक वीत दूर असे, इथे चार बोटांवर. पहिला आठवडाभर मला वाटत होतं की माझा आवाज कुणीतरी रजईत गुंडाळला आहे.

२००४ साली मी घरी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. डोंबिवलीहून दादर-अंधेरी रोजची धावपळ, मुलगी लहान, आणि घरून पायलट, म्हणजे नमुन्याचं वाचन, पाठवता आला तर अर्धी कामं वाचतील असा हिशेब. लॅमिंग्टन रोडवरून एटी सेव्हनच्याच जातीचा, म्हणजे कंडेन्सर, एक स्वस्त माईक आणला. देखणा होता, अंगानंही तसाच. दुकानात हेडफोनवर इतका स्वच्छ, इतका चकचकीत वाटला की मी दुसरा ऐकलाच नाही. घरी येऊन एक पानभर मजकूर वाचला आणि ऐकताना कानात टाचण्या टोचल्यासारखं झालं. चूल, चाक, झाड, सगळ्यांवर शिट्टी. महिनाभर मी स्वतःलाच दोष देत जीभ बदलायचा प्रयत्न करत होते. दंत्य ‘च’ सौम्य करण्याच्या नादात माझं मराठी हळूहळू बोथट होत चाललं होतं, ही त्या माईकची मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट.

अखेर तो पिशवीत घालून काकांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. नॉयमननं १९६० मध्ये यू ६७ काढला तेव्हा त्याची कॅप्सूल वरच्या पट्टीत मुद्दामच चढी ठेवली होती. पुढे आतलं सर्किट तेवढाच उतार देऊन ती सपाटीला आणतं, आणि त्या उतारात सर्किटची सळसळही खाली जाते. यू ८७ ची कॅप्सूल त्याच घराण्यातली. या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेल्या अनेक स्वस्त माईकनी कॅप्सूलची नक्कल केली, पण उताराचं सर्किट वगळलं. चढ तेवढा शिल्लक राहिला. ‘‘दुकानात हा चढच आपल्याला स्वच्छपणा वाटतो,’’ काका म्हणाले. ‘‘तासभर ऐकून बघ, मग कळतं.’’ तो माईक मी विकला. दुकानात दहा मिनिटं ऐकून त्यानंतर मी कधीच माईक घेतला नाही. घरी आणते, निदान अर्धा तास वाचते, आणि ऐकते दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुसरा मोठा धडा पावसाचा. एका जुलैत एका माहितीपटाचं निवेदन चालू होतं. पहिली दोन रिळं नीट गेली, तिसऱ्याला आवाजामागे लाह्या फुटू लागल्या. केबल बदलली, प्रीॲम्प बदलला, लाह्या चालूच. कंडेन्सर माईकमध्ये पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यात अगदी सूक्ष्म फट असते आणि त्यांच्यावर साठेक व्होल्टचा विद्युतभार धरून ठेवलेला असतो. दमट हवा, वरून वाचणाऱ्याचा श्वास, आणि ओल बसली की तो भार झिरपतो, त्याचीच ती तडतड. मुंबईच्या स्टुडिओत माईकच्या कपाटात झिरोचा बल्ब जळत ठेवायची जुनी पद्धत होती, ती याचसाठी. मी अजूनही माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवते.

त्या दिवशी काम अडू नये म्हणून रेकॉर्डिस्टनं अंधेरीहून भाड्यानं आणलेला सेन्हायझरचा एमकेएच ४१६ लावला. सिनेमावाले त्याला ‘फोर सिक्स्टीन’ म्हणतात. वीतभराहून थोडी लांब, बोटभर जाड नळी, चित्रीकरणात बूमच्या टोकाला असते ती. मला वाटलं, हा बाहेरचा माईक, बूथमध्ये काय करणार? त्यानं अजिबात कुरकूर न करता पाचही रिळं पार पाडली. त्यामागचं कारण मला फार आवडतं. यात पडद्यावर विद्युतभार धरून ठेवायची साधी पद्धत नाहीच. कॅप्सूल रेडिओ-लहरींच्या सर्किटमध्ये बसवली आहे, तिथला विद्युतरोध कमी, त्यामुळे ओलीला झिरपवायला काही मिळत नाही. वाळवंटात आणि जंगलातही चालणारी ही रचना आपल्या कोकणपट्टीच्या श्रावणात उपयोगी पडली. वर, आवाज पुढे येऊन उभा राहतो. अमेरिकेत सिनेमाच्या ट्रेलरसाठी हाच माईक का वापरतात ते त्या दुपारी समजलं.

मार्च २०२० मध्ये सगळे स्टुडिओ बंद झाले. ऑडिओ पुस्तकांचं काम मात्र वाढलं होतं. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं ते मराठीसकट, आणि स्टुडिओ बंद झाले तेव्हा माझ्या हातात जवळपास नऊ तासांची एक कादंबरी होती. बेडरूममधलं कपाट रिकामं केलं, आजीच्या आणि सासूबाईंच्या मिळून सात गोधड्या टांगल्या आणि आत बसले. आवाज डब्यातून आल्यासारखा. गोधडी वरची पट्टी पिते, खालच्या पट्टीला ती हातही लावत नाही. चार दिवस झगडून कपाटातून बाहेर आले, दार उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड केलं, पाठीमागे दोन गोधड्या दोरीवर. तेव्हा आवाज मोकळा झाला.

मग चार माईक जमवले. माझा नॉयमनचा टीएलएम १०३, शेजारच्या तबलजींकडचा रोडचा एनटी १-ए, फोर सिक्स्टीन, आणि एक उसना डायनॅमिक, एसएम ७बी. कागदावर पाहिलं तर निकाल सोपा होता. माईकची अंगची सळसळ एनटी १-एची ५ डेसिबल, टीएलएम १०३ ची ७, एटी सेव्हनची १२, फोर सिक्स्टीनची १३. पण उसन्या ध्वनिमापकावर माझ्या खोलीत रात्री दीड वाजताही काटा ३० च्या खाली उतरला नाही. खोलीच एवढं बोलत असताना माईकच्या पाच आणि तेरामधल्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही.

भाच्याला बोलावलं. चारही माईकवर एकच परिच्छेद वाचला: भाऊंनी फणस फोडला, झाडाच्या जाड खोडाशी चूल पेटली, चंद्र चढला, शेषरावांनी साखर सांडली, बाळ खळखळून हसलं. त्यानं चारही फाइलींची पातळी सारखी केली आणि नावं काढून अ, ब, क, ड ठेवली. पातळी सारखी करण्याला पर्याय नाही. दोन रेकॉर्डिंगमध्ये जरासं मोठं असतं तेच आपला कान चांगलं ठरवतो, आणि कित्येक तुलना इथेच फसतात. दुसऱ्या दिवशी हेडफोनवर, मोबाइलवर आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर ऐकलं.

‘ब’ सर्वात सुंदर होता. श्वासाचा पोत, ‘ळ’चा गोलावा, सगळं. तो टीएलएम निघाला. पण त्यात खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आणि कावळाही तितकेच सुंदर आले होते. फोर सिक्स्टीनमध्ये बाजूच्या भिंतीवरून परतणारा आवाज नळीच्या फटींतून शिरून वाक्याला पोकळपणा देत होता; दोष खोलीचा, मोठ्या बूथमध्ये तसं होत नाही. एनटी १-एवर माझ्या दंत्य अक्षरांना किंचित धार होती, तबलजींच्या खर्जातल्या आवाजाला मात्र तो छान बसला. कादंबरी मी ‘ड’वर वाचली, डायनॅमिकवर. ऑडिबलसाठी रेकॉर्डिंग घेणाऱ्या एसीएक्सचा नियम आहे की शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, आणि माझ्या खोलीत तिथवर तोच एक पोहोचत होता. त्याला प्रीॲम्प तगडा लागतो. एसएम ७बीला शुअरच ६० डेसिबलची वाढ सांगते. माझ्या साध्या इंटरफेसला ती झेपेना, म्हणून मध्ये एक छोटा बूस्टर जोडावा लागला. नऊ तास वाचले आणि एकदाही चुलीचा ‘च’ बोथट केला नाही, याचा मला आजही आनंद आहे.

काका आता नाहीत. त्यांची ती पेन्सिल मी मागून घेतली होती. ती डब्यात, सिलिका जेलच्या शेजारी असते.

गेल्या पावसाळ्यात लातूरहून एका मुलीनं दोन माईकच्या फाइली पाठवल्या, एक सहा हजारांचा, एक बावीस हजारांचा. कोणता घेऊ, ताई? व्हॉट्सॲपवर दाबून आलेल्या फाइलीत वरची पट्टीच उरत नाही, म्हणून आधी मूळ फाइली मागवल्या. महागड्यावर ‘चाक’ आणि ‘झोप’ टोचत होते. स्वस्तावर ‘भाऊ’ आदळत होता. स्वस्त माईक दोन बोटं बाजूला सरकवून, जरा कलता करून पुन्हा वाच म्हटलं, आणि पेन्सिल कशी बांधायची त्याचा फोटो पाठवला. रात्री साडेदहाला तिसरी फाइल आली. भाऊ, फणस, खोबरं जागेवर होते, चूल आणि चंद्र वेगवेगळे, स्वच्छ. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी लिहिलं, हाच घे. आणि पाऊस थांबला की पहिलं पान वाचून पाठव.