ऑपरेटिंग सिस्टीमची उभारणी आणि क्लाउड

संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली की घरची मंडळी कौतुकाने विचारतात, "तिथे तुझे नेमके काम काय?" उत्तर येते, "सर्व्हर डिप्लॉय करतो", नाहीतर "मी क्लाउडवर आहे". विचारणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. शिकणाऱ्यांपैकीही पुष्कळांना हे शब्द पाठ असतात, परंतु त्यामागची क्रिया ठाऊक नसते. म्हणून सभासदांना कळेल आणि विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने हा विषय मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची कारभारी होय. मेमरी कोणत्या कामाला किती द्यायची, डिस्कवर काय कोठे ठेवायचे, नेटवर्कवरून आलेले कोणाकडे सोपवायचे, हे सर्व ती ठरविते. विंडोज आणि लिनक्स ही तिची आपल्या परिचयाची नावे. यंत्राचे बटण दाबले की प्रथम मदरबोर्डवरील छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला पूर्वी बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. तो डिस्क, पेनड्राइव्ह किंवा नेटवर्क यांपैकी कोठे बूटलोडर सापडतो ते पाहतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो आणि मग पुढचा कारभार सुरू होतो. विद्यार्थ्यांनी हा क्रम तोंडपाठ करावा. पुढचे सर्व काही त्यावरच उभे आहे.

एका संगणकात विंडोज टाकणे, ज्याला आपल्याकडे सर्रास "फॉरमॅट मारणे" म्हणतात, ते आज शाळकरी मुलेही करतात. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा तिचा फ्लॉपींचा संच १३ फ्लॉपींचा होता आणि एकेक घालून काढून वाट पाहत बसावे लागे. पुढे सीडी आली, मग पेनड्राइव्ह. परंतु समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ४० संगणक आहेत आणि ड्रायव्हर व इतर प्रोग्रामसह प्रत्येकाला एक तास लागतो. म्हणजे ४० तास, एका माणसाचा संपूर्ण आठवडा! वेळेपेक्षाही मोठी अडचण निराळीच आहे. हाताने तयार केलेली दोन यंत्रे कधीच सारखी होत नाहीत. एकात प्रिंटर राहून जातो, दुसऱ्यात सुरक्षेचा अपडेट. मग परीक्षेच्या दिवशी सतरा नंबरचाच संगणक का अडतो, याचा शोध घेत बसावे लागते.

यावर उपाय निघाला तो साच्याचा. एक यंत्र नीट तयार करावयाचे, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये उतरवायची आणि ती इतर यंत्रांवर ओतायची. या फाइलला इमेज म्हणतात. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यास बनविलेला घोस्ट हा प्रोग्राम याच कामाचा. सिमँटेकने तो १९९८ मध्ये विकत घेतला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत, बँकांत व कचेऱ्यांत तो पसरला.

येथेच या विषयातील खरी गोम आहे. हुबेहूब प्रत काढली म्हणजे यंत्राची ओळखही हुबेहूब उतरते. प्रत्येक संगणकाला नाव असते. विंडोजमध्ये एसआयडी नावाचा लांबलचक क्रमांक असतो, लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएचच्या गुप्त किल्ल्या असतात. हजेरीपटावर एकाच क्रमांकाचे ४० विद्यार्थी असावेत, तसा हा प्रकार होतो. म्हणून इमेज काढण्यापूर्वी यंत्राची ओळख पुसून टाकावी लागते आणि प्रत्येक प्रत प्रथम सुरू होईल तेव्हा तिला नवी ओळख मिळावी लागते. विंडोजमध्ये हे काम सिसप्रेप नावाचे साधन करते.

कामाच्या घाईत पुष्कळ तंत्रज्ञ ही पायरी गाळत आले. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच या जाणकाराने लिहिले की, नुसता एसआयडी सारखा असल्याने प्रत्यक्षात बिघाड होत नाही. कंपनीचा अधिकृत नियम मात्र सिसप्रेप करावे असाच राहिला. अनेकांनी सोयीचे तेवढे लक्षात ठेवले. पुढे २०२५ मध्ये विंडोज ११ आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांच्या अपडेटमध्ये तपासणी कडक झाली आणि सारख्या एसआयडीची यंत्रे एकमेकांची ओळख नाकारू लागली. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले सामायिक फोल्डर आणि रिमोट डेस्कटॉप एकाएकी बंद पडले. पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही! जुनी पायरी गाळल्याची किंमत अशी उशिरा चुकवावी लागली.

साचा झाला, पण तो प्रत्येक यंत्रापर्यंत न्यायचा कसा? इंटेलने १९९९ मध्ये पीएक्सईचे २.१ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार डिस्क कोरी असलेले यंत्रसुद्धा नेटवर्कवर हाक देऊ शकते. "मला पत्ता द्या आणि पुढे काय वाचू ते सांगा", असा त्या हाकेचा अर्थ. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, बूटची फाइल कोठे आहे ते सांगतो, यंत्र ती आणते आणि उभारणी सुरू होते. मधले प्रश्न, म्हणजे भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, पासवर्ड काय, यांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. रेड हॅटच्या जगात तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. अशा रीतीने तंत्रज्ञाचे काम यंत्रासमोर बसण्याचे न राहता उत्तरे नीट लिहिण्याचे झाले.

एवढे समजले की क्लाउड समजावयास फारसा वेळ लागत नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक, एकाचे अनेक आभासी भाग करून, नेटवर्कवरून, वापराप्रमाणे भाड्याने घेणे. ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा २००६ मध्ये सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे आपली केंद्रे उघडली, तर ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. तेव्हा नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच आहेत, आणि त्यातली काही आपल्या पुण्या-मुंबईत आहेत.

या यंत्रात पेनड्राइव्ह घालता येत नाही. म्हणून येथे साच्यावाचून गत्यंतरच नाही. यादीतून इमेज निवडावयाची, मेमरी किती ते सांगायचे, की थोड्याच वेळात नवे यंत्र चालू. नव्याने जागे झालेले लिनक्स यंत्र प्रथम काय करते? त्यातील क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम १६९.२५४.१६९.२५४ या ठरावीक पत्त्यावर जाऊन विचारतो, "माझे नाव काय, कोणाची किल्ली स्वीकारू, प्रथम कोणती कामे करू?" प्रयोगशाळेतील कोरे यंत्र डीएचसीपीला जे विचारते त्याचाच हा पुढचा अवतार. ओळख पुसलेला साचा आणि पहिल्या सुरुवातीला मिळणारी ओळख, ही जोडी दोन्हीकडे तीच आहे. टेराफॉर्म, अँसिबल ही आज नोकरीच्या जाहिरातीत दिसणारी नावे म्हणजे हीच उत्तरे लिहून ठेवण्याची अधिक सुधारलेली साधने.

परंतु साचा जितका सोयीचा तितकाच धोक्याचा. एकदम सर्वांकडे चांगले पाठविता येते, तसे चुकीचेही. १९ जुलै २०२४ रोजी सकाळी भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज यंत्रांसाठी एक सदोष फाइल जगभर पाठविली. ती इमेज नव्हे, साधी माहितीची फाइल होती. पण ती वाचणारा प्रोग्राम कर्नलमध्ये बसलेला असल्याने यंत्रे निळा पडदा दाखवून कोसळू लागली. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बाधित झाली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली.

पुढचा भाग विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. बंद पडलेले यंत्र नेटवर्कवर येतच नव्हते, त्यामुळे दुरुस्ती दुरून पाठविता येईना. माणसाने प्रत्येक यंत्राजवळ जाऊन, सेफ मोडमध्ये ते चालू करून, ती फाइल काढून टाकावयाची, हाच बहुतेक ठिकाणी मार्ग होता. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली हवी. काही कचेऱ्यांत त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच बंद! क्लाउडमधील यंत्राजवळ तर जाताच येत नाही. तेथे बिघडलेल्या यंत्राची डिस्क सोडवून दुसऱ्या चांगल्या यंत्राला जोडायची, फाइल काढायची आणि डिस्क परत मूळ जागी लावायची, असे करावे लागले. ज्याला बूटचा क्रम ठाऊक होता त्याला हे सुचले. ज्याने क्लाउडच्या पडद्यावरील बटणेच शिकली होती तो सूचनांची वाट पाहत बसला. या प्रसंगानंतर क्राउडस्ट्राइकने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठविण्याची पद्धत आणली. आपणही आधी पाच यंत्रांवर, मग पन्नासांवर, मग सर्वांवर, हा नियम लहान प्रयोगशाळेतसुद्धा पाळावा.

महागड्या क्लासची फी भरण्यापूर्वी घरच्या घरी बरेच शिकता येते. विंडोज १०चा मोफत आधार सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे पुष्कळ संगणक अडगळीत जात आहेत. असा एखादा ८ जीबी मेमरीचा संगणक मिळवावा, त्यावर डेबियन किंवा उबुंटू टाकावे आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन आभासी यंत्रे तयार करावीत. एकाला पीएक्सई सर्व्हर करावे आणि दुसरे दोन कोरे ठेवून त्याच्याकडून उभारून घ्यावेत. हे पहिल्याच प्रयत्नात होणार नाही. पण का होत नाही हे शोधताना जे ज्ञान मिळते, ते क्लाउडच्या कोणत्याही मुलाखतीत कामी येते, असे माझे मत आहे.

मग क्लाउडवर खाते उघडावे. तेथे कार्डाचा क्रमांक मागतात आणि "मोफत" या शब्दाला मुदत व मर्यादा असते. यंत्र बंद केले तरी त्याची डिस्क शिल्लक असेपर्यंत तिचे भाडे चालूच राहते. ॲमेझॉनवर फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही दर तासाचा आकार आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लावून ठेवावा, इमेजमध्ये कोणताही पासवर्ड वा किल्ली राहू देऊ नये आणि सराव संपल्यावर यंत्र, डिस्क व पत्ता ही तिन्ही काढून टाकली आहेत हे पाहूनच जागेवरून उठावे.