स्टँडवरील इंजिन आणि चार बोल्ट

विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन आपल्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांना चांगले परिचित आहे. ते सिमेंटच्या पायावर बसविलेले असते; भार पाया सोसतो, बोल्ट त्यास केवळ हलू देत नाहीत. दुरुस्तीच्या स्टँडवर मात्र इंजिन बसत नाही. ते मागील बाजूने चार बोल्टांवर अधांतरी राहते. चिखली-खामगावकडील गॅरेजांत काम शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भेद प्रथम जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

समजा, इंजिन 200 किलोचे असून त्याचा गुरुत्वमध्य स्टँडच्या प्लेटपासून 40 सेंटिमीटर पुढे आहे. वरच्या व खालच्या बोल्टांत 20 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या दोहोंवर मिळून सुमारे 400 किलोची ओढ येते; म्हणजे वजनाच्या दुप्पट! इंजिन उलटे फिरविले की खालचे बोल्ट वर येतात. म्हणून चारही सारखेच भक्कम हवेत.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 हा अंक पाहून घ्यावा. बिनखुणेचा बोल्ट घेऊ नये. 8.8 खुणेचा, 10 मिलिमीटर व्यासाचा एकच चांगला बोल्ट 3 टनांहून अधिक ओढ सहन करतो. मग भीती कशाची? आट्यांची. दोन-चारच आटे गुंतले असतील, तर पोलाद कितीही उत्तम असो, ब्लॉकमधील आटे ओरबाडून निघतात.

म्हणून आमच्या मते खरी कसोटी लांबीची आहे. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट आपल्या व्यासाच्या दीडपट, तर ॲल्युमिनियममध्ये दुप्पट आत जावा. 12 मिलिमीटरच्या बोल्टसाठी अनुक्रमे 18 व 24 मिलिमीटर. छिद्राची खोली तारेने मोजावी. आत जाणाऱ्या या लांबीत स्टँडची प्लेट, मधली नळी व वॉशर यांची जाडी मिळविली की बोल्टची लांबी मिळते. अतिलांब बोल्टही फसवा असतो. तो छिद्राच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि प्लेट मात्र सैलच राहते.

आट्यांचे अंतरही जुळले पाहिजे. 12 मिलिमीटरच्या बोल्टमध्ये 1.75, 1.5 आणि 1.25 असे तिन्ही प्रकार बाजारात आढळतात. जुन्या जीपच्या इंजिनात तर इंची आटे भेटतात. दुकानात जाताना मूळ बोल्ट नमुना म्हणून न्यावा. नवा बोल्ट आधी हातानेच फिरवावा. अडला, तर पान्याने दामटू नये.

चारही बोल्ट आवळल्यावर चेनब्लॉकची साखळी किंचितच सैल करावी आणि प्लेटपाशी फट पडते का, ते पाहावे. तोवर इंजिनाखाली कोणाचाही हात वा पाय नसावा.